पर्गोल्याखालचं ऊन

निवृत्त माणसाला मोतीबिंदूमुळे बाकी सगळं अंधुक दिसायला लागतं, पण घराचं परसदार नेमकं त्याच सुमारास लख्ख दिसू लागतं. आयुष्यभर जिथे तो फक्त दात घासायला आणि वडिलांची नजर चुकवून विडी ओढायला गेला, तिथे त्याला आता 'वाव' दिसतो. मग तो हातात टेप घेऊन परसात उतरतो आणि टेपचं दुसरं टोक धरायला बायकोला हाक मारतो. परसाचं आता काहीतरी होणार आहे, ही बातमी घरातल्या बायकांना अशी टेपच्या टोकाला उभं राहून कळते.

कोकणातल्या घरात पुढचं अंगण पाहुण्यांचं आणि मागचं परस कामाचं, ही वाटणी पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. पुढे तुळशीवृंदावन, पडवी, झोपाळा आणि पानाचं तबक. मागे विहीर, धुण्याचा दगड, न्हाणीघर, न्हाणीच्या सांडपाण्यावर माजलेलं अळू, लाकडांची रास, कढीलिंब आणि कोणाचीही नसलेली दोन मांजरं. परसात कोणी बसत नसे. बसलेला माणूस दिसलाच, तर त्याच्यापुढे ताबडतोब सोलायला, निवडायला किंवा राखायला काहीतरी येऊन पडे. परसात निवांत बसावं, ही कल्पनाच आपल्याकडे नवीन. ती मोबाइलमधून आली.

आमच्या आप्पांकडेही ती तिथूनच आली. आप्पा म्हणजे माझे थोरले चुलतभाऊ. मुंबईत बँकेत हयात घालवून दापोली तालुक्यातल्या घरी कायमचे राहायला गेले. बँकेच्या सवयीने प्रत्येक गोष्टीची फाइल करतात. त्यांच्या परसात पूर्वी सावलीला तोटा नव्हता. एक जुना फणस आणि दोन रायवळ आंबे मिळून असा काळोख करत की भर दुपारी विहिरीवर जायला पोरं घाबरायची. ३ जून २०२० ला 'निसर्ग' चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं. त्याने रायगड आणि दापोली-मंडणगडच्या बागा अक्षरशः झोपवल्या. त्यात आप्पांचा फणस गेला, आंबे गेले आणि परसात पहिल्यांदा ऊन आलं.

त्या उन्हाकडे आप्पा काही वर्षं नुसते बघत होते. मग पुण्याहून लेकीने फोनवर चित्रं पाठवली. लाकडी खांब, वर लाकडी पट्ट्या, त्यांवरून उतरलेली जांभळी वेल, खाली वेताच्या खुर्च्या, पांढऱ्या गाद्या, टेबलावर कॉफीचा मग आणि एक पालथं घातलेलं पुस्तक. अशा चित्रांत एक गोष्ट कधीच नसते, ती म्हणजे माणूस. तो चित्राबाहेर घाम पुसत उभा असावा. आप्पांनी चित्रांच्या रंगीत प्रती काढल्या, फाइल उघडली आणि वर लिहिलं, 'परस सुधारणा'.

लाकडी सावलीचे बाजारात तीन मुख्य प्रकार आहेत. पहिला गझिबो. यात सहा किंवा आठ खांब असतात आणि वर टोपी. हा रिसॉर्टात शोभतो. घरच्या परसात बांधला, तर येणारा-जाणारा देवळाचा समजून चप्पल काढतो.

दुसरा डेक. म्हणजे जमिनीपासून वीतभर उंच, फटीफटीचा लाकडी ओटा. फटींतून पाणी निघून जावं हा हेतू असतो. प्रत्यक्षात किल्ल्या, चमचे, कवळीचा डबा आणि नातवंडांच्या गोट्या निघून जातात. त्या काढायला कोणी हात घालत नाही, कारण रत्नागिरी जिल्हा हा फुरशांचा जिल्हा. दगडाखाली, पाल्यापाचोळ्यात, गारव्याला राहणारा हा साप. त्याच्यासाठी अंधारी, थंड, छप्पर असलेली जागा स्वखर्चाने बांधून देणं म्हणजे म्हाडाने करायचं काम आपण अंगावर घेणं होय.

तिसरा पर्गोला. चार खांब, त्यांवर दोन तुळया, तुळयांवर उभ्या धारेने बसवलेल्या पट्ट्या आणि पट्ट्यांवर काही नाही. हे छप्पर नसलेलं छप्पर इटलीकडून आलं. तिथे त्यावर द्राक्षाच्या वेली चढवतात. द्राक्षाचे मांडव आपल्याकडेही आहेत. नाशिक-सांगलीकडे लोखंडी अँगल आणि तारा लावून एकरच्या एकर घातलेले असतात. पण त्यांच्याखाली कॉफी घेत कोणी बसत नाही, कारण कुठली ना कुठली फवारणी चालू असते. आप्पांनी पर्गोला निवडला. कौलं, पत्रे, पन्हळी यांतलं काही लागत नाही, म्हणजे स्वस्त पडेल, असा त्यांचा बँकेतला हिशेब.

तो हिशेब लाकडाने मोडला. कोकणात लाकूड घ्यायचं ठरवलं की गावातला प्रत्येक पुरुष तज्ज्ञ निघतो. एक म्हणाला, साग घ्या, पण बल्लारशाचाच. दुसरा म्हणाला, दांडेलीचा. तिसरा बर्मा सागाच्या आठवणीने गहिवरला. त्याच्या आजोबांच्या दाराची चौकट बर्मा सागाची होती. तो बोलत होता तेवढा वेळ त्या चौकटीबद्दलच बोलला. चौथ्याने ऐन सांगितला, पाचव्याने किंजळ. सहावा म्हणाला, जांभूळ घ्या, पाण्यात कुजत नाही, विहिरीच्या तळाला घालतात. आप्पा म्हणाले, मला पर्गोला विहिरीत बांधायचा नाही. त्यावर तो म्हणाला, "आषाढात बघा, फरक कळणार नाही."

तेही खोटं नव्हतं. या पट्ट्यात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळपास सगळा चार महिन्यांत उरकतो. उरलेले आठ महिने वाळवी काम बघते. बांधावरचे दोन साग तोडावेत म्हटलं, तर स्वतःच्या जमिनीतला साग तोडायलाही वनखात्याची परवानगी लागते. बांबूचं तसं नाही. १९२७ च्या वन कायद्याने बांबूला झाड ठरवलं होतं. २०१७ मध्ये कायदा बदलून, जंगलाबाहेरच्या बांबूला झाडांच्या यादीतून वगळलं. वनस्पतिशास्त्राने तो गवतात आधीच घातला होता. सरकारला पटायला नव्वद वर्षं लागली. आमच्याकडचा माणगा बांबू भरीव, सरळ आणि चिवट असतो. पण आप्पांच्या फाइलीतल्या एकाही चित्रात बांबू नव्हता.

मिस्त्री आले. त्यांनी फाइलीतली चित्रं चष्मा वर करून, मग खाली करून पाहिली आणि विचारलं, "वर काय?"

"वर काही नाही," आप्पा म्हणाले.

"बरं. मग कौलं मागाहून."

"कौलं नाहीत. असंच असतं ते."

मिस्त्रींनी मान डोलावली. गिऱ्हाईक शहरातून आलेलं असेल तर वाद घालायचा नाही, हे त्यांचं धोरण असावं. त्यांनी एवढंच सुचवलं की वादळात पडलेल्या फणसाच्या फळ्या माळ्यावर आहेत, त्या काढू. फणसाचं लाकूड पिवळंधमक, पक्कं. "ते घरचं लाकूड आहे," आप्पा म्हणाले. घरचं लाकूड म्हणजे बिनकिमतीचं, त्याची फाइलीत पावती लागत नाही. शेवटी खांब सागाचे आणि पट्ट्या किंजळाच्या ठरल्या. घनफुटाचा भाव ऐकून वहिनींनी टेपचं टोक कायमचं सोडलं.

मिस्त्रींचं काम मात्र बघत राहावं असं. गुण्या लावायचा, ओळंबा सोडायचा, एक डोळा मिटायचा आणि खांब केसभर सरकवायचा. खांब मातीत पुरायला त्यांनी साफ नकार दिला. जुन्या घरातला प्रत्येक खांब दगडी तळखड्यावर उभा असतो, मातीला लाकूड टेकत नाही, म्हणून ती घरं अजून उभी आहेत. त्यांनी चिऱ्यांचे तळखडे घडवले. खांबांच्या पायांना काजूच्या टरफलांचं तेल लावलं. हे तेल काळं, उग्र, अंगाला लागलं तर फोड आणणारं, त्यामुळे वाळवी त्याच्या वाटेला जात नाही. वरच्या भागाला तेच लावू म्हणाले, तर आप्पांनी चित्रातला सोनेरी रंग दाखवला आणि पॉलिश आणवलं. पट्ट्या दोन इंच जाड, सहा इंच उंच, दोन पट्ट्यांत एक फूट अंतर. शेवटची पट्टी ठोकून झाल्यावर मिस्त्री शिडी न घेताच पट्ट्यांवरून टोकापर्यंत चालत गेले आणि परत आले. "दहा माणसं चढली तरी हलणार नाही," म्हणाले. दहा माणसं तिथे का चढतील, हे तेव्हा कोणालाच सुचलं नाही.

पर्गोला उभा राहिला आणि गावात सहानुभूतीची लाट आली. काम अर्धवट राहिलं, पैसे संपले बिचाऱ्याचे. एक शेजारी संध्याकाळी मुद्दाम आले, इकडचं तिकडचं बोलले आणि उठता उठता हळूच म्हणाले, "आप्पा, आमच्याकडे स्लॅब पडल्यापासून पाचेकशे कौलं मागे पडून आहेत. मंगळुरी. घेऊन जा. पैशांचं नंतर बघू." मंगळुरी कौलांचा कारखाना बासेल मिशनवाल्यांनी १८६५ मध्ये मंगळुरात काढला, तेव्हापासून पश्चिम किनाऱ्यावर अब्रू झाकायची ती कौलांनीच. उघड्या छपराखाली बसलेला बँकेतला माणूस गावाला बघवेना. पतपेढीचे सेक्रेटरीही येऊन गेले. ते चहा प्यायले आणि घरदुरुस्ती कर्जाचा फॉर्म टेबलावर ठेवून गेले.

मी मे महिन्यात गेलो तेव्हा आप्पांनी मला वेताच्या खुर्चीत बसवलं. सकाळी साडेआठला फार छान होतं. दहाला बरं होतं. बाराला माझ्या अंगावर पट्टे उमटले. आप्पांच्याही. समोरासमोर दोन झेब्रे बसावेत तसे आम्ही गप्पा मारत होतो आणि ऊन मिनिटामिनिटाला या मांडीवरून त्या मांडीवर सरकत होतं. त्याबरोबर आप्पा खुर्ची सरकवत होते. पर्गोल्याखाली निवांत बसण्याच्या या पद्धतीत माणूस तासाभरात परसाच्या या टोकापासून त्या टोकाला पोचतो.

यात मिस्त्रींचा दोष नाही, सूर्याचा आहे. इटलीत सूर्य कधीच डोक्यावर येत नाही. ऐन उन्हाळ्यातही तिरका राहतो. तिरक्या उन्हाला उभी पट्टी आडवी येते आणि रुंद सावली पडते. दापोलीच्या अक्षांशावर मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, साडेबाराच्या सुमाराला सूर्य थेट माथ्यावर येतो. यालाच शून्य सावलीचा दिवस म्हणतात. त्या वेळी सरळ उभ्या काठीची सावली तिच्याच बुडाशी गोळा होते. मग दोन इंची पट्टीची सावली दोनच इंच पडणार आणि पुढचा अख्खा फूट उन्हाचा. म्हणजे सात भागांत सहा भाग ऊन. वर्षात ज्या दिवसांत सावलीची सगळ्यांत जास्त गरज, नेमक्या त्याच दिवसांत पर्गोला रजेवर. असा दिवस पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला येतो. पण तेव्हा सावली नाहीशी झाल्याचं बघायला आधी ऊन लागतं, आणि ते कोकणात त्या दिवसांत कोणी पाहिलेलं नाही.

मग उपाय सुरू झाले. पहिला उपाय हिरवी जाळी. दुकानदाराने विचारलं, "किती टक्के?" शेडनेट पन्नास टक्के, पंचाहत्तर टक्के, नव्वद टक्के अशी मिळते. सावली टक्क्यांत मिळते म्हटल्यावर आप्पांना बँकेत परतल्यासारखं वाटलं. त्यांनी पंचाहत्तर टक्के घेतली. जाळीखाली ऊन खरोखर कमी झालं, पण खाली बसलेला प्रत्येक माणूस हिरवा दिसू लागला. आजारी आत्याबाई चार दिवस हवापालटाला आल्या होत्या. त्यांना जाळीखाली बसलेलं पाहून शेजारच्यांनी त्यांच्या मुलाला मुंबईला फोन केला. शिवाय वानरांना जाळी फार आवडली. पट्ट्या आणि जाळी मिळून त्यांच्या पोरांना झोपाळा, घसरगुंडी आणि पाळणा असं सगळं एकाच ठिकाणी मिळालं. आठवड्याने जाळी उतरवली. तिची घडी अजून फाइलीशेजारी आहे.

दुसरा उपाय वेल. कुंडीतली जांभळी वेल पुण्याहून गाडीने आली, कोकणची हवा बघून तिने पानं टाकली आणि काकूंनी तिला आळ्यातल्या अळूशेजारी नेऊन ठेवलं, निदान पाणी तरी मिळेल म्हणून.

काकूंचा उल्लेख इतक्या उशिरा आला, कारण आतापर्यंत त्या काहीच बोलल्या नव्हत्या. आप्पांच्या आई. वय पंच्याऐंशीच्या पुढे, कंबरेत वाकलेल्या, पण परसावर हुकमत त्यांची. काकूंच्या दृष्टीने वादळाने परसात ऊन आणलं हा देवाचा एकमेव उपकार होता. फणस होता तोवर वाळवण पुढच्या अंगणात घालावं लागे. तिथे पाहुणे, पोस्टमन, चपला. चैत्र-वैशाखात त्या घरात काय काय वाळतं याची यादी केली तर आप्पांची फाइल पुरायची नाही. पोह्याचे पापड, मिरगुंडं, साबुदाण्याच्या चिकवड्या, कोहळ्याचे सांडगे, सांडगी मिरच्या, आंबापोळी, फणसपोळी आणि सगळ्यांच्या वर आमसुलं. कोकमाच्या साली काढायच्या, मीठ घातलेल्या रसात बुडवायच्या, उन्हात टाकायच्या, सुकल्या की परत बुडवायच्या, परत टाकायच्या. असं पुटांवर पुटं देत जायचं. पुटात कसर केली तर आमसूल काळं होत नाही आणि पुढच्या वर्षी सोलकढीला येणारे पाहुणे तोंडावर काही बोलत नाहीत, पण ताटात वाटी तशीच ठेवतात.

असा सगळा उन्हाचा मोसम आणि त्यात लेकाने परसाच्या मधोमध सावलीचं यंत्र उभं केलेलं. भांडण होणार म्हणून आम्ही वाट बघत होतो. झालं नाही. काकूंनी एक दिवस खालून वर पाहिलं. दोन पट्ट्यांमधलं अंतर पाहिलं. मग वहिनींना सूप आणायला सांगितलं आणि वर धरून बघितलं. सूप दोन पट्ट्यांवर चपखल बसत होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी गड्याला वर चढवलं. पट्ट्यांवर आडव्या माणग्याच्या काठ्या, काठ्यांवर बांबूचे तट्टे, तट्ट्यांवर जुनी सुती पातळं, त्यावर आमसुलं. आप्पा उठून कॉफीचा मग घेऊन आले तेव्हा पर्गोल्याला छप्पर झालेलं होतं. वरून आमसुलाच्या रसाचे थेंब पांढऱ्या गादीवर टपटपत होते. कोकमाचा डाग जात नाही. ती गादी आता ठिपक्यांची आहे, आणि बघणाऱ्यांना ती तशीच विकत आणली असं वाटतं.

पण खाली सावली होती. गच्च, गार, पट्टे नसलेली. त्या दुपारी आप्पा पहिल्यांदा एका जागी बसले. शून्य सावलीच्या दिवसांत अख्ख्या परसात तेवढीच एक जागा काळोखी होती. वर ऊन आमसुलांना मिळत होतं आणि खाली सावली माणसांना.

काकू म्हणाल्या, "हा मांडवच की रे. फक्त काढता येत नाही, एवढाच दोष."

त्या दोषाची मला तेव्हा गंमत वाटली. पण मांडव ज्यांनी घातलेला पाहिला आहे त्यांना त्यातलं मर्म कळेल. पाऊस संपला, दसरा-दिवाळी आली की अंगण करायचं. माती खणायची, सारखी करायची, पाणी मारून चोपण्याने चोपायची, शेणाने सारवायची. मग पोफळीचे किंवा सुरूचे खांब, वर बांबू, सगळं सुंभाने बांधलेलं आणि त्यावर नारळाच्या झावळ्यांचे विणलेले झाप. खिळा एकही नाही. खाली लग्नं, मुंजी, दुपारची झोप, पत्त्यांचा डाव. वर सुपारी आणि वाळवण. मृगाच्या आत सगळं उतरवायचं. खांब-बांबू माळ्यावर आणि जुने झाप न्हाणीच्या चुलीत. म्हणजे आठ महिने सावली देऊन झालं की तेच छप्पर पावसाळ्यात अंघोळीचं पाणी तापवतं. मांडवाला पॉलिश लागत नाही, वाळवी लागायच्या आत तो जळून गेलेला असतो. पावसाळ्यात अंगणाला ऊन हवं तेव्हा तो आडवा येत नाही. इमारतीची एवढी अक्कल मी कुठल्याही चित्रात पाहिलेली नाही.

मांडवाचे दिवस गेले याबद्दल गळा काढायचं मात्र कारण नाही. झाप विणायला माणसं मिळत नाहीत, पोफळीवर चढायला तर नाहीतच. आणि मांडव घालायला शेजारचे चौघे येत, तेव्हा आपल्यालाही त्या चौघांकडे जावं लागे. हल्ली आपण शेजाऱ्याकडे जाण्यापेक्षा निळी ताडपत्री आणणं पसंत करतो. कोकणात उंचावरून पाहिलं तर आता हिरव्याइतकाच निळा रंग दिसतो, आणि तो समुद्राचा नसतो.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती, पण लेक पुण्याहून आली. तिने आजीचं वाळवण बघितलं, वाळवणाचे फोटो काढले आणि मग म्हणाली, "बाबा, वर सोलर पॅनेल बसवू. खाली सावली, वर वीज." बोलणं चुकीचं नव्हतं. २०२४ च्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे, हे आप्पांच्या फाइलीत होतंच. काकूंना समजावून सांगितलं की वरचं ऊन वाया जाणार नाही, त्याची वीज होईल. काकूंनी सगळं ऐकून घेतलं.

"त्यावर पापड वाळतील?"

"नाही गं, ती तिरकी काच असते. घसरतील."

"मग काय उपयोग!"

पॅनेल स्वयंपाकघरावरच्या स्लॅबवर बसलं. पर्गोला काकूंकडे राहिला.

गणपतीला गेलो तेव्हा पर्गोल्यावर पडवळाचा वेल चढलेला होता. पावसाळी वेलींना मांडव लागतोच. दोडकी, कारली, काकडी, पडवळ यांना सागाचे खांब चालतात, ती चिकित्सा करत नाहीत. पॉलिश जागोजाग उडालेलं होतं आणि एका तुळईवर अळंबी उगवली होती. काजूच्या तेलाचे पाय मात्र जसेच्या तसे काळेकुळकुळीत. पडवळ सरळ वाढावं म्हणून त्याच्या टोकाला दगड बांधतात. वीसेक पडवळं, वीसेक दगड, सगळे बसलेल्या माणसाच्या कपाळाच्या उंचीवर. पुण्याचे पाहुणे कौतुकाने खाली बसले आणि आरतीच्या वेळी एकदम उठले. त्यानंतर टाळ, झांजा आणि पाहुणे यांचे आवाज वेगळे ओळखू येईनात.

आप्पा आता सुखी आहेत. सकाळी परसात बसतात. बसलेला माणूस दिसला की त्याला काम मिळतं हा परसाचा नियम अजून लागू आहे. मे महिन्यात त्यांच्या हातात वानरांसाठी काठी असते, पावसाळ्यात पडवळासाठी सुतळी. पाहुण्यांना ते सांगतात की हे मल्टिपर्पज डिझाइन आहे आणि सुरुवातीपासून तसंच ठरलं होतं. मिस्त्री हे ऐकून चष्मा पुसतात. फणसाच्या जागेवर आप्पांनी दापोलीच्या कृषी विद्यापीठातून आणून कोकमाचं कलम लावलं आहे, 'कोकण अमृता' जातीचं. कलमच हवं, असं काकूंनी बजावलं होतं. कोकमाच्या बीपासून केलेली निम्मी रोपं नर निघतात आणि ते फुलं येईपर्यंत, म्हणजे सहा-सात वर्षं, कळत नाही. एवढी वर्षं पाणी घालून झाड नर निघालं, तर सावली मिळते पण आमसूल नाही. काकूंच्या मते ही स्थिती काही माणसांचीही असते. त्या नावं घेत नाहीत.

तेव्हा परसात लाकडी सावली करायचा विचार असलेल्यांना चार शब्द. वैशाखात भर दुपारी स्वतः त्या जागेवर उभं राहून बघा, सकाळच्या कॉफीच्या वेळी नव्हे. उन्हं पश्चिमेकडून जास्त छळतात, तिकडे एक झाड आजच लावा. पर्गोला उभा राहीपर्यंत तेही कंबरेला येईल. लाकूड मातीला टेकवू नका. पट्ट्या माणूस वर चढेल अशा भक्कम घाला, कारण माणूस चढणारच आहे. आणि सगळ्यांत आधी, घरातलं वाळवण कुठे पडतं ते घरातल्या बाईला विचारा, मगच मिस्त्रीला बोलवा. मिस्त्री ॲडव्हान्स घेतल्यावर महिनाभर तसाही येत नाही. तेवढ्यात विचारून होईल.